चढा षड्ज

"अहो, जोड चढलीय."

बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या घरात गेली दोन वर्षं सकाळ या वाक्यानं उजाडत होती. प्रल्हाद नाडगौडा चहाचा कप तसाच ठेवून उठायचे, गुडघ्यावर हात टेकत सतरंजीवर बसायचे आणि तंबोरा मांडीवर घ्यायचे. जोड म्हणजे तंबोऱ्याच्या चार तारांतल्या मधल्या दोन, एकाच षड्जात मिळवलेल्या. त्या दोघी तंतोतंत मिळाल्या की एकच तार वाजतेय असं वाटतं. केसभर फरक राहिला तर आवाज मोठा-लहान, मोठा-लहान असे हेलकावे खातो. प्रल्हादरावांनी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. या हेलकाव्यांना ते स्पंद म्हणत, आणि ते ऐकवायला दर वर्षी घरचाच तंबोरा वर्गात नेत. त्यामुळे जोड चढली आहे की नाही हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ती चढलेली नसायची.

तरी ते खुंटी पिळायचे. बायको, विनया, म्हणेल तेवढी तार उतरवायचे. मग ती पाच मिनिटं गायची, थांबायची आणि म्हणायची, "आता पंचम विचित्र वाटतोय." पंचमाची पहिली तार उतरवली की पुन्हा जोड. एकदा त्यांनी मोबाइलवरचा सूरमापक तिच्यासमोर धरला. काटा बरोबर मधोमध होता.

"तुमच्या मोबाइलला गाता येतं का?" विनयानं विचारलं.

प्रल्हादरावांनी मोबाइल खिशात ठेवला. विनया नाडगौडा हे नाव धारवाडपासून पुण्यापर्यंत लोक आदरानं घेत होते. चाळीस वर्षं तिचे तंबोरे प्रल्हादरावच लावत आले होते. मैफलीआधी ग्रीनरूममध्ये ते दोघं आणि दोन तंबोरे, एवढंच असायचं. तो वेळ त्यांच्या संसारातला सगळ्यात चांगला वेळ होता, असं त्यांना कधीकाळी वाटायचं. आता सत्तरी आली होती, आणि भांडण होण्याआधीच त्यांना भांडणाचा शीण यायचा.

तन्मय शिरोडकर आला तो अशाच एका सकाळी. हा प्रल्हादरावांचा जुना विद्यार्थी, आता पणजीत स्वतःची कंपनी चालवणारा. टेबलावर त्यानं तारेचं एक वेटोळं ठेवलं. दिसायला साधी तार, रंगानं किंचित निळसर.

"सर, तुम्हीच शिकवलंत. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो. लांबी, जाडी आणि ताण."

"जाडी नव्हे. दर मीटरला वजन किती, ते," प्रल्हादराव सवयीनं म्हणाले.

"तेच ते. लांबी आणि वजन बदलता येत नाही, म्हणून माणूस खुंटी पिळून ताण बदलतो. ही तार स्वतःचा ताण स्वतः बदलते." त्यानं वेटोळं उचललं. "मिश्रधातू आहे. बारीकसा विद्युतप्रवाह दिला की तापते आणि आखडते. प्रवाह कमी केला की सैलावते. भोपळ्याच्या आत एक चिप बसवायची. ती गाणाऱ्याचा आवाज ऐकते, त्यातला षड्ज शोधते आणि तारेला तिथं आणून ठेवते. ताईंनी फक्त गायचं."

विनया आतून ऐकत होती. ती दारात आली. "म्हणजे तंबोरा माझ्यामागे येणार?"

"हो ताई. आजवर गाणाऱ्यानं तारेला धरून राहायचं, असा नियम होता. आता तार गाणाऱ्याला धरून राहील."

प्रल्हादरावांच्या मनात तिथल्या तिथं एक शंका आली होती. वर्गात एखाद्या मुलानं असं काही मांडलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग मोजपट्टी कुठली? पण विनयाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली उत्सुकता होती. त्यांचे गुडघेही त्या सकाळी फार दुखत होते. त्यांनी विचारलं नाही.

तारा बसल्या आणि घर शांत झालं.

विनया सकाळी उठून एकटीच रियाजाला बसू लागली. कुणाला हाक मारायची नाही, खुंटीला हात लावायचा नाही. सा लावला की दोन श्वासांत चारही तारा तिच्याजवळ येऊन थांबायच्या. प्रल्हादराव उशिरापर्यंत झोपू लागले. दुपारी दोघं व्हरांड्यात बसून पेपर वाचायचे, आणि विनया मधूनच एखादी बातमी मोठ्यानं वाचून दाखवायची. इतकं साधं सुख त्या घरात बऱ्याच दिवसांनी आलं होतं. त्याला धक्का लागू नये म्हणून ते जपून बोलत, जपून वागत.

तन्मयच्या कंपनीचं नावही वर्षभरात सगळीकडे झालं. तारांमागून तशीच पेटी आली, मग तबला आला. तबल्याच्या चामडी पट्ट्यांखाली त्याच धातूचं कडं असायचं, आणि ते वरच्या पुडीचा ताण सांभाळायचं. सगळी वाद्यं एकमेकांशी बोलत आणि गाणाऱ्याच्या षड्जावर एकत्र येत. मंचावर वाद्यं मिळवणं बंदच झालं. पडदा उघडला की थेट गाणं. तंबोऱ्यावर बसणाऱ्या नव्या मुलींना तंबोरा लावता येत नसे, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. विनयाच्या मागे बसणारी तिची शिष्या सावनी त्यांतलीच. गोड गळ्याची, कष्टाळू पोर, पण खुंटी कुठल्या बाजूला पिळायची हेही तिला ठाऊक नव्हतं.

विनयाला पुन्हा बोलावणी येऊ लागली. "ताईंचा आवाज तरुण झालाय," लोक म्हणत. "किती तेज आलंय वरच्या सुरांना!" प्रल्हादराव पहिल्या रांगेत बसत, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्यांचा डोळा लागत असे. चाळीस वर्षं ते प्रत्येक मैफल ताणलेल्या कानांनी ऐकत आले होते. आता ऐकायचं कारण उरलं नव्हतं.

कोल्हापूरच्या मैफलीत त्यांना जाग आली ती तार तुटल्याच्या आवाजानं.

विनया द्रुत गात होती. तिनं तार सप्तकातल्या षड्जावर ठेहराव घेतला आणि मागच्या तंबोऱ्याची जोडीची तार कडाडून तुटली. तिचं टोक सावनीच्या गालावर बसलं. रक्ताची बारीक रेघ आली. पडदा पाडला, कुणीतरी कापूस आणला, आणि थोड्या वेळानं विनयानं दुसऱ्या तंबोऱ्यावर भैरवी गाऊन मैफल संपवली. टाळ्या झाल्या. पण गाडीत बसल्यावर तिला नीट बोलता येईना. घसा बसला होता.

"गेल्या खेपेलाही असंच झालं," ती कुजबुजली. "वय झालं, दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी प्रल्हादराव तुटलेली तार घेऊन बसले. पेटीवरची काळी चार हा विनयाचा सूर. तिथं ही तार आयुष्यभर टिकायला हवी. त्यांनी आयोजकांकडून मैफलीचं ध्वनिमुद्रण मागवलं आणि सूरमापक लावून ऐकलं. सुरुवातीला काटा काळी चारवर होता. विलंबित संपेपर्यंत तो किंचित उजवीकडे सरकला होता. द्रुत सुरू झालं तेव्हा पांढरी सहा, म्हणजे अर्धा स्वर वर. तार तुटली त्या क्षणी काळी पाच.

पूर्ण एक स्वर. मैफलभर सगळा मंच, गायिका, तंबोरे, पेटी, तबला, हळूहळू वर चढत गेला होता. सगळं एकदम आणि सावकाश चढल्यामुळे कुणाला पत्ता लागला नव्हता. कान नेहमी एका सुराची दुसऱ्याशी तुलना करतो, आणि इथं तुलनेला एकही स्थिर सूर शिल्लक नव्हता. भरलेल्या सभागृहात एखाद्याकडे साधा नादकाटा असता तर त्याला कळलं असतं.

पुढचं गणित सोपं होतं. सूर दुप्पट उंच हवा असेल तर ताण चौपट लागतो. ताण सुराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक स्वर चढायला ताण सव्वापट व्हावा लागला. पोलादी तारेनं तो सोसला असता. ही आतून तापलेली नवी तार सोसू शकली नाही. आणि विनयाचा गळाही त्याच चढावर ओढला गेला होता.

पण ती चढत का होती?

त्यासाठी त्यांना आठवडाभर तिचा रियाज चोरून ऐकावा लागला. हल्ली रियाजालाही सावनी असायची, आणि तंबोरा घेऊन नेहमी विनयाच्या डावीकडे, जराशी मागे बसायची. एका सकाळी प्रल्हादरावांनी उन्हाचं निमित्त करून तिला उजवीकडे बसवलं. त्या दिवशी काटा काळी चारवरून जेमतेम केसभर हलला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डावीकडे बसली, आणि तासाभरात काटा पांढरी सहाकडे निघाला.

मग त्यांना सगळं उमगलं. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, आणि तिच्या आतून एक पट्टी जाते. एका टोकाला अरुंद आणि ताठ, दुसऱ्या टोकाला रुंद आणि सैल. जणू बारीक-जाड तारा ओळीनं लावून ठेवाव्यात तशी. उंच सूर ताठ टोक हलवतात, खर्जाचे सूर सैल टोक. पट्टीवर कुठली जागा हलली यावरून मेंदू सूर ओळखतो. वयानं एखाद्या जागेच्या पेशी मेल्या तर शेजारच्या पेशी तो सूर उचलतात, आणि मेंदूला शेजारचाच सूर ऐकू येतो. विनयाच्या डाव्या कानाला तंबोरा आहे त्याहून थोडा उंच ऐकू येत होता. तिचा स्वतःचा आवाज मुख्यतः चांगल्या उजव्या कानानं ऐकला जायचा, तो खरा असायचा. पूर्वी दोन्ही जुळले नाहीत की ती नवऱ्याला म्हणायची, जोड चढलीय. आता तार यंत्राची होती आणि यंत्र चुकत नाही अशी तिची खात्री. म्हणून ती स्वतःलाच चुकीचं धरायची आणि केसभर वर जायची. तार तिच्या मागोमाग वर यायची. तार पुन्हा उंच वाटायची, ती पुन्हा वर जायची. दोघी एकमेकींच्या मागे चालल्या होत्या, आणि वाट कुणालाच ठाऊक नव्हती.

प्रल्हादरावांनी तन्मयला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सर, आम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "चिपकडून रोजची नोंद येते. पहिल्या महिन्यातच दिसलं होतं."

"आणि तू बोलला नाहीस?"

"काय बोलू? ताई एकट्या नाहीत. आमच्या तारांवर गाणारे निम्मे लोक कुठेतरी सरकतात. कुणी वर, कुणी खाली. पन्नाशीनंतर कान कुणाचे शाबूत राहतात? तार विकणाऱ्यानं लोकांचे कान तपासायचे नसतात, सर. तसं केलं तर उद्या आम्हाला दवाखाना काढायला सांगतील. आणि कुठला गवई मला धन्यवाद देणार आहे?"

"मग हे असंच चालू ठेवायचं? तिचा गळा जातोय तन्मय."

"नाही, नाही. आमच्याकडे उपाय तयार आहे." त्याचा आवाज उजळला. "तारेला काळी चारवर बांधून टाकायचं. तंबोरा ताईंच्या उजवीकडे. डावीकडे एक छोटा स्पीकर ठेवायचा, त्यातून तंबोऱ्याचा आवाज त्यांच्या डाव्या कानाला हवा तेवढा उतरवून सोडायचा. दोन्ही कानांना एकच सूर ऐकू येईल. प्रेक्षकांना तो स्पीकर ऐकूही येणार नाही. ताईंना वाटेल तार त्यांच्यामागेच येतेय. त्यांना काही सांगायची गरजच नाही."

प्रल्हादराव व्हरांड्यात उभे होते. आत विनया गुळण्या करत होती. तिला सांगायचं म्हणजे काय होईल ते त्यांना दिसत होतं. आधी ती चिडेल, मग म्हणेल की तुमच्याच कानात बिघाड आहे, मग एखाद्या सकाळी रियाजाला बसणार नाही. आणि त्यानंतरच्या सगळ्या सकाळी कशा असतील? त्यांच्यात तेवढी ताकद उरली नव्हती.

"कर," ते म्हणाले.

पणजीची मैफल अप्रतिम झाली. प्रल्हादराव त्या दिवशी जागे होते. सूर काळी चारवर असा टेकला होता, जणू जमिनीतून वर आला असावा. विनया निवांत गात होती. घसा मोकळा होता. मध्येच तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि हसली. त्यांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी चष्मा पुसायला काढला.

सकाळी ते परत निघाले. चालकाविना धावणारी गाडी आपली आपण चोर्ला घाट चढत होती, आणि दोघांना एकमेकांकडे बघण्यापलीकडे काम नव्हतं.

"काल किती दिवसांनी वाटलं," विनया म्हणाली, "की माझा सा अजून माझ्याच हातात आहे. मी घाबरले होते हो मध्यंतरी. तुम्हाला बोलले नाही. वाटायचं, मी सारखी उतरतेय, सारखी उतरतेय. काल एकदाही तसं वाटलं नाही."

प्रल्हादरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. नंतर गाडीला पुढच्या टपरीपाशी थांबायला सांगितलं.

चहा आला. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण वर्गात बोलावं तसं बोलतो आहोत. कानातली पट्टी, पेशी, ताण, वर्ग. दुसऱ्या कुठल्याही रीतीनं ते बोलूच शकले नसते. विनयाच्या कपावर साय धरली.

"म्हणजे काल माझ्या डाव्या बाजूला जे वाजत होतं, ते खोटं होतं."

"उतरवलेलं होतं."

"खोटं होतं."

"हो."

"तन्मयला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं. त्या तारेलासुद्धा माहीत होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला तेवढं नाही."

"विनया, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं मला. घरात शांतता होती ना. मलाही बरी वाटत होती ती." तिनं कप खाली ठेवला. "चला."

घरी पोचल्यावर हातपाय न धुता ती सतरंजीवर बसली.

"तुमच्या मोबाइलवर एक सूर लावा. कुठलाही. आणि तसाच चालू ठेवा."

त्यांनी लावला. तिनं डाव्या कानात बोट घातलं. ऐकलं. मग ते काढून उजव्या कानात घातलं. पुन्हा बदललं. पुन्हा. तोच सूर, त्याच खोलीत, त्याच मोबाइलमधून येणारा, बोट बदललं की जागा बदलत होता. किती वेळ ती तसंच करत राहिली कुणास ठाऊक. प्रल्हादरावांना तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण ते बसून राहिले.

"यातला खरा कुठला?" तिनं विचारलं.

"उजवा."

"तुमचे कान खरे आहेत कशावरून? सत्तरी झाली तुमची."

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "कशावरूनही नाही. म्हणून काटा बघतो मी. स्पंद मोजतो. माझ्या कानावर मीही विसंबत नाही."

विनया पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. मग ती रडली, पण थोडंच, जसं एखाद्या दमलेल्या माणसाला खाली बसल्यावर भरून येतं तसं.

कानाच्या डॉक्टरांनी सगळं तेच सांगितलं. डावा कान बरा होणार नाही. उजवा आज चांगला आहे, उद्याचं सांगता येत नाही. तिनं विचारलं, डाव्या कानात बोळा घालून गायले तर? डॉक्टरांनी मान हलवली. कान बंद केला की स्वतःचाच आवाज हाडांतून येऊन त्याच कानात घुमतो, त्यानं उलट जास्त गोंधळ होईल. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आता दोन तंबोरे ऐकत गायचं. आणि त्यातला एक ऐकायचा नाही."

तन्मय तारा काढायला स्वतः आला. विनयानं त्याला जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवत होता.

"ताई, स्पीकरची सोय तशीच ठेवा ना," तो शेवटी म्हणाला. "आता तुम्हाला सगळं ठाऊकच आहे. मग फसवणूक कसली? चष्मा लावतो तसं समजा."

"चष्मा लावला की मला समोरचं दिसतं रे," विनया म्हणाली. "तुझ्या स्पीकरनं सगळं बरोबर आहे असं ऐकू येतं. उद्या कान आणखी बिघडला तर तू आणखी उतरवशील, आणि मला कळायचंही नाही. भात घेतोस थोडा?"

तो गेल्यावर प्रल्हादरावांनी माळ्यावरून जुन्या पोलादी तारा काढल्या.

पुढचे काही महिने फार कंटाळवाणे होते, दुसरा शब्द नाही. सावनी उजवीकडे बसायची, तरी थोडा तंबोरा डाव्या कानात पोचायचाच. विनया सा लावायची, थांबायची, प्रल्हादरावांकडे बघायची. ते मान हलवायचे, किंवा बोट किंचित खाली करायचे. पुन्हा सा. पूर्वी ज्या जागा गळ्यातून आपसूक निघायच्या त्या आता विचारून, चाचपून घ्याव्या लागत होत्या. कधी ती चिडून उठून जायची. कधी ते चिडायचे. एकदा तर त्यांनी मोबाइल सतरंजीवर आपटला आणि म्हणाले, "मला नाही जमत हे, मला पडू दे जरा!" आणि खरंच आत जाऊन पडले. सावनीनं दोघांना चहा करून दिला आणि तंबोरा छेडत बसली. सावनीला त्यांनी खुंटी पिळायला शिकवलं. स्पंद ऐकायला शिकवलं. पहिल्यांदा तिच्या हातून जोड मिळाली तेव्हा हेलकावे लांबत लांबत जाऊन थांबले आणि पोरीनं श्वास रोखून धरला. "सर, हे इतकं स्थिर असतं?" ती म्हणाली. तिनं आजवर फक्त धावणारी तार ऐकली होती.

मैफल बेळगावातच ठरली. आयोजकांना विनयानं आधीच कळवलं होतं. वाद्यं साधी असतील, मंचावर माझ्या बाजूला एकही स्पीकर नको, आणि मी तासाभरापेक्षा जास्त गाणार नाही. त्यांनी नाइलाजानं लहान सभागृह दिलं. ते निम्मंच भरलं.

पडदा उघडला तेव्हा प्रल्हादराव मंचावर होते. सावनी जोड मिळवत होती, ते शेजारी बसून ऐकत होते. पहिल्या रांगेतल्या मुलांना काय चाललंय ते कळेना. कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "सुरू झालं का?" मागून एकानं टाळी वाजवली आणि थांबवली. प्रल्हादरावांनी घाई केली नाही. पंचम झाला, जोड झाली, खर्ज झाला. मग ते उठून, गुडघा धरत, खाली आपल्या खुर्चीवर येऊन बसले.

विनयानं सा लावला. तिच्या भुवया जवळ आल्या. तिला काय ऐकू येतंय ते त्या सभागृहात फक्त एकट्या प्रल्हादरावांना माहीत होतं. डावीकडच्या भिंतीवरून परतणारा, वर सरकलेला, तिला वर बोलावणारा सूर. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. बरोबर आहे.

ती गायली. ते तेजस्वी गाणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या ताना त्यात नव्हत्या. ती एकेका स्वराला हात लावून बघत होती, आणि खात्री झाल्याशिवाय पुढे जात नव्हती. अर्ध्या तासानं काही लोक उठून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज तिला ऐकू आला असणार. ती थांबली नाही. मध्यलयीत एकदाच असं झालं की ती सगळं विसरली, डोळे मिटले, आणि गंधारावरून पंचमावर अशी काही गेली की प्रल्हादरावांच्या हातातला मोबाइल, ज्याच्यावरचा काटा ते बघत होते, त्यांनी उलटा करून मांडीवर ठेवला. मग ती पुन्हा सावध झाली, आणि तसंच सावधपणे तिनं शेवट केला.

बाहेर पायऱ्यांवर दोघं गाडीची वाट बघत उभे होते. एक जुने श्रोते नमस्कार करून म्हणाले, "छान झालं हं," आणि घाईनं निघून गेले. विनयानं पदर आवळून घेतला. चेहरा पांढरा पडला होता.

"मला एक सूरही पटला नाही," ती म्हणाली. "सगळं गाणं माझ्या कानाविरुद्ध गायले. भिंतीला धरून चालावं तसं."

प्रल्हादराव गाडी आली का ते बघत होते.

"सूर लागले का?" तिनं विचारलं.

"लागले," ते म्हणाले. मग क्षणभर थांबून, "तार सप्तकातला गंधार चढला होता. दोनदा."

विनया वळून त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं, इतका दमलेला जीव, आजच्या दिवस तरी नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं. तिच्या ओठांवर काहीतरी येऊन गेलं, हसू की रडू, त्यांना ओळखता आलं नाही.

"दोनदाच ना?"

"दोनदाच."

"मग बाकीचं खरं धरते," ती म्हणाली, आणि पायरी उतरायला तिनं त्यांचा हात धरला.